परवानगी-त्रुटी (ऑपरेटिंग सिस्टीमच्या अपडेटमधील)

ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट बसत असताना एखादी फाइल, फोल्डर किंवा रजिस्ट्रीतील नोंद बदलण्याचा अधिकार नाकारला गेला, की अपडेट अडते. या बिघाडाला परवानगी-त्रुटी म्हणतात. विंडोजमध्ये ‘ॲक्सेस इज डिनाइड’ हा संदेश किंवा शून्य-एक्स-८००७०००५ हा क्रमांक दिसतो. त्यातील शेवटचा ५ म्हणजे विंडोजच्या त्रुटियादीतील ‘प्रवेश नाकारला’. क्रमांक नीट वाचला, की निम्मे निदान होते. ८००७००७० आला तर डिस्क भरलेली असते. ८००७२एफ८एफ बहुधा चुकलेल्या तारखेचा असतो. जुन्या मदरबोर्डची बॅटरी संपली, की तो हमखास भेटतो. या दोहोंत परवानगीचा काही संबंध नाही.

अधिकारांची वाटणी १९७१ च्या युनिक्समध्येही होती आणि विंडोज एनटीने (१९९३) प्रत्येक फाइलसाठी परवानग्यांची यादी आणली. तरी विंडोज एक्सपीवर घरोघरी लोक ॲडमिन म्हणूनच काम करत. एमएस-सीआयटीच्या सुरुवातीच्या वर्षांत कॉम्प्युटर शिकलेल्यांची सवय तीच. २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या व्हिस्टाने हे बदलले: सिस्टीमच्या फाइलींची मालकी ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ या सेवेकडे गेली आणि ॲडमिनलाही त्या सहजी बदलता येईनाशा झाल्या.

येथे एक गैरसमज फार आढळतो. विंडोजचे नेहमीचे अपडेट समोर बसलेल्या माणसाच्या नव्हे, तर सिस्टीमच्या स्वतःच्या खात्यातून बसते. त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. पासवर्ड लागतो तो वेगळी डाउनलोड केलेली अपडेट फाइल चालवताना. म्हणून आपोआप होणारे अपडेट ‘प्रवेश नाकारला’ म्हणून अडले, तर दोष खात्यात नसून फोल्डरच्या बिघडलेल्या परवानग्यांत, फाइल धरून ठेवणाऱ्या अँटिव्हायरसमध्ये किंवा रजिस्ट्रीत शोधावा.

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरील दोंडाईचासारख्या (ता. शिंदखेडा, जि. धुळे) बाजारपेठेच्या शहरात हा प्रश्न विशेष रूप घेतो. सेवा केंद्रातला, अडत दुकानातला किंवा शाळेच्या लॅबमधला एकच कॉम्प्युटर अनेक हातांत असतो आणि ॲडमिनचा पासवर्ड मशीन बसवून गेलेल्या माणसाकडे राहतो. मशीन एखाद्या कंपनीने काढून टाकलेले सेकंड हँड असेल, तर त्या कंपनीची धोरणे रजिस्ट्रीत तशीच असतात. सेटिंगमध्ये ‘काही सेटिंग तुमची संस्था हाताळते’ अशा अर्थाची ओळ दिसते आणि मशीन अपडेटसाठी कंपनीच्याच सर्व्हरकडे पाहत बसते. अशा मशीनवर परवानग्या दुरुस्त करून उपयोग नाही. विंडोज नव्याने टाकणेच बरे.

उपायाआधी डेटाची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्यावी. टॅलीचा डेटा आणि जुने मराठी फॉन्ट यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण नेमके तेच मागे राहतात. मग मशीन रीस्टार्ट करून बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस तात्पुरता बंद करावा. एवढ्याने न भागल्यास कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून आधी ‘डिझम’च्या रिस्टोअर-हेल्थने सिस्टीमचा साठा दुरुस्त करावा आणि नंतरच ‘एसएफसी स्कॅन-नाउ’ चालवावे. क्रम महत्त्वाचा आहे: एसएफसी खराब फाइलींच्या जागी त्याच साठ्यातून फाइली घेते. तरीही अडल्यास विंडोज अपडेट, बिट्स आणि क्रिप्टोग्राफिक या सेवा थांबवून विंडोज फोल्डरमधील ‘सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्यूशन’ आणि सिस्टीम-३२ मधील ‘कॅटरूट-२’ या फोल्डरांची नावे बदलावीत. सेवा पुन्हा सुरू केल्या, की विंडोज दोन्ही फोल्डर योग्य परवानग्यांसह नव्याने बनवते. आधी डाउनलोड झालेली अपडेट मात्र पुन्हा उतरवावी लागतात. शेवटचा मार्ग म्हणजे फाइली आणि प्रोग्रॅम कायम ठेवून विंडोजवरच विंडोज चढवणे.

सगळ्या विंडोज फोल्डरची मालकी आपल्याकडे घेऊन ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो घातक आहे. मूळ परवानग्या पुसल्या जातात, व्हायरसलाही तीच मोकळीक मिळते आणि पुढची अपडेट अधिकच अडतात.

सी-डॅकची डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ (२००७) आणि उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमवर अपडेटसाठी रूटचा अधिकार लागतो. तेथे कंसातला आकडा पाहावा. लॉक फाइलच्या संदेशात १३ असेल तर ‘सुडो’ लावायचे राहिले आहे. ११ असेल तर दुसरे अपडेट मागे चालू आहे. ते संपू द्यावे, लॉक फाइल पुसू नये. वीज गेल्याने काम मध्येच तुटले असेल, तर ‘डीपीकेजी’ला अर्धवट पॅकेजे पुरी करायला सांगितले, की पुढचे अपडेट बहुधा सुरळीत होते. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टीम’ असा संदेश आला, तर परवानग्यांना हात न लावता हार्ड डिस्क तपासावी.