दलालांची परीक्षा

मंडळी, मागे दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या वाड्यांबद्दल लिहिलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, हे वाडे विकून दिले कुणी? आज त्या मधल्या माणसाबद्दल लिहितो. त्याला आपण दलाल म्हणायचो आणि त्यात वाईट काही नव्हतं.

आमच्या तरुणपणी बडोद्यातल्या घरांच्या दलालाला ना पाटी होती, ना ऑफिस. सकाळी चहाच्या लारीवर आणि संध्याकाळी कुणाच्या तरी ओट्यावर तो भेटायचा. दोन्ही बाजूंकडून एक-एक टका घ्यायचा. पण गल्लीतल्या प्रत्येक वाड्याचा वंशवृक्ष त्याला तोंडपाठ. ‘धाकटे इंदूरला असतात, त्यांची सही लागेल. माडीवर काकू आहेत, त्यांचा हयातीचा हक्क आहे. मागच्या खोलीतला भाडेकरू आठ रुपये देतो, पण निघणार नाही.’ वकिलाकडे जायच्या आधीच निम्मा टायटल सर्च इथे होऊन जायचा. त्याने कुणाला फसवलं असतं तर पुढच्या गणपतीत त्याच गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती. त्याची परीक्षा अशी रोजच चालायची.

मग शहर वाढलं. १९६२ साली जीएसएफसी स्थापन झाली, १९६५ला कोयलीची रिफायनरी सुरू झाली आणि १९६९ला आयपीसीएल आली. बाहेरून नोकरदार आले. आपली मंडळीही जुन्या शहरातून कारेलीबाग, मांजलपूर, गोत्रीकडे सरकली. घेणारा, विकणारा आणि दलाल, तिघंही एकमेकांना अनोळखी झाले.

मी एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी.कॉम. होऊन सत्तरच्या दशकात बँकेत लागलो. नोकरीत राहून सीएआयआयबीच्या परीक्षा दिल्या, कारण पास झालं की इन्क्रिमेंट मिळायची. पुढे कर्ज विभागात घरांची कागदपत्रं माझ्या टेबलावर यायची. तीस वर्षांचा सर्च, सिटी सर्व्हेचं कार्ड, बिनशेतीचा हुकूम, रजाचिठ्ठी. पाच हजारांचं कर्ज मंजूर करायचं तरी आमच्यासारख्याने परीक्षा द्यायची आणि पाच लाखांचं घर विकणाऱ्याला साधा फॉर्मही नाही, हे मला तेव्हाही खटकायचं.

नव्वदच्या दशकात माझ्या एका चुलत वहिनींनी गावाबाहेरच्या एका स्कीममध्ये घर लिहिलं. भाऊ गेल्यावर ऑफिसकडून आलेल्या पैशांतून त्यांनी चाळीस हजार भरले. बाणाखत झालं, रंगीत ब्रोशर मिळालं. कर्जासाठी कागद माझ्याकडे आणले तेव्हा दिसलं की जमीन अजून शेतीचीच आहे. दलालाला जाऊन विचारलं तर म्हणाला, ‘साहेब, एनए तो थई जशे.’ मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता. एनए म्हणजे नेमकं काय, हेच त्याला माहीत नव्हतं. वर्षभरात दुकानाचं शटर कायमचं खाली आलं. वहिनी शेवटपर्यंत भाड्याच्या दोन खोल्यांत राहिल्या.

रेरा कायदा २०१६ साली झाला आणि १ मे २०१७पासून पूर्ण लागू झाला. (१ मे हा आपल्या दोन्ही राज्यांचा वाढदिवस, हा योगायोग.) कलम ९ प्रमाणे नोंदणी असलेल्या प्रकल्पातलं घर विकायचं तर दलालालाही नोंदणी सक्तीची झाली. माझ्या एका मित्राने २०१८ला गुजरेरात ती केली. फोटो, पॅन, रिटर्न, फी. प्रश्न एकही नाही.

प्रश्न विचारायला सुरुवात केली महाराष्ट्राने. जानेवारी २०२३मध्ये महारेराने हुकूम काढला: वीस तासांचं प्रशिक्षण घ्या, परीक्षा द्या, तरच एजंट. परीक्षा घ्यायचं काम आयबीपीएसकडे, म्हणजे बँकांची भरती परीक्षा घेणारी तीच संस्था! वाचून मला गंमत वाटली. २० मे २०२३ला पहिली परीक्षा झाली. ४२३ जण बसले, ४०५ पास.

ठाण्याला माझा मेहुणा तीस वर्षं हाच धंदा करतो. वय सहासष्ट. तो हादरला. ‘भावोजी, मी लोकांना घरं दाखवतो, मला कसली परीक्षा?’ रोज रात्री मी इथून फोनवर त्याला प्रश्न विचारायचो. करार नोंदवायच्या आधी बिल्डरला किती टक्के घेता येतात? दहा. ग्राहकांच्या पैशांपैकी किती वेगळ्या खात्यात? सत्तर टक्के. कार्पेटमध्ये बाल्कनी धरतात का? नाही. पहिल्या आठवड्यात दहातली चार उत्तरं बरोबर यायची. एकदा मधेच थांबून म्हणाला, ‘हे दहा टक्क्यांचं मी कुणालाच कधी सांगितलं नाही हो.’ नंतर बराच वेळ तो गप्प होता. पास झाला. प्रमाणपत्र न मिळवणाऱ्या सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी पुढे जानेवारी २०२४मध्ये स्थगित झाली, त्यात त्याचे दोन जुने सोबती होते. त्यांचंही वाईट वाटलं. पण वहिनी आठवल्या की माझी सहानुभूती लांबत नाही.

अमेरिकेत न्यू जर्सीला माझी भाची हेच काम करते. तिथे आधी पंचाहत्तर तासांचा कोर्स, मग एकशेदहा प्रश्न, सत्तर टक्क्यांना पास. आणि तरीही एखाद्या ब्रोकरच्या हाताखालीच काम करायचं. वीस तासांना कुरकुरणाऱ्या मेहुण्याला मी हे ऐकवलं तर म्हणाला, ‘तिथे कमिशन किती, ते पण सांगा.’

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांनी नीट लक्षात घ्यावी. रेराची दलाल-नोंदणी नव्या, नोंदलेल्या प्रकल्पांपुरती आहे. जुना वाडा, सोसायटीतला जुना बंगला विकून देणारा त्यात येतच नाही. आणि आपली खरी गुंतागुंत तिथेच आहे. वारस पुण्याला नि टोरांटोला, भाडेकरू आत, आणि परिसर अशांत धाऱ्याखाली असेल तर कलेक्टरची परवानगी. ओट्यावरचा तो म्हातारा आता नाही.

म्हणून दांडिया बाजारातला आमचा हिस्सा विकायला मागच्या महिन्यात जो मुलगा आला, त्याला मी चहा दिला आणि सिटी सर्व्हेचं कार्ड पुढ्यात ठेवून विचारलं, ‘यावर नावं किती आहेत, मोज.’ त्याने सात मोजली. आहेत नऊ. दोन पाठीमागच्या पानावर. सध्या तिसऱ्या दलालाची वाट बघतोय, कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा.