मेलिऑयडोसिस : मृत्यूचा धोका वाढवणारे घटक

बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआय हा जंतू उष्ण प्रदेशातील ओल्या मातीत व पाण्यात राहतो. त्याच्यामुळे होणाऱ्या मेलिऑयडोसिस या रोगाचे वर्णन ॲल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी 1912 मध्ये रंगून येथील रुग्णांवरून प्रथम केले. ईशान्य थायलंडमध्ये सुमारे 40 टक्के रुग्ण दगावतात, तर ऑस्ट्रेलियातील डार्विनमध्ये सुमारे 10 टक्के. जंतू एकच असला, तरी लवकर निदान आणि अतिदक्षता उपचार यांमुळे हा फरक पडतो.

जंतू रक्तात पसरणे, न्यूमोनिया आणि रक्तदाब कोसळणे ही सर्वांत घातक लक्षणे होत. वाढते वय, मूत्रपिंडाचा जुना विकार व फुप्फुसाचे दीर्घ आजार असणाऱ्यांची स्थिती अधिक बिकट असते. निरोगी मुले मात्र क्वचितच दगावतात. मधुमेहाची गोष्ट चमत्कारिक आहे. रोग जडण्याचा धोका वाढवणारा तो सर्वांत मोठा घटक, पण थायलंडमधील एका अभ्यासात ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहावरील औषध घेणारे मधुमेही तुलनेने अधिक वाचल्याचे आढळले. यावरून मधुमेह संरक्षक ठरतो, असे समजणे चूक होय.

हा जंतू पेनिसिलिन व जेंटामायसिनला सहसा दाद देत नाही. त्यामुळे क्षयरोग समजून किंवा नेहमीच्या प्रतिजैविकांवर घालवलेले दिवस महागात पडतात. सेफ्टाझिडीम अथवा मेरोपेनेम शिरेतून किमान 10 ते 14 दिवस व पुढे को-ट्रायमॉक्साझोल किमान तीन महिने देतात. कर्नाटकाच्या किनारपट्टीवर आणि गोव्यातही या रोगाचे रुग्ण आढळले असून, पावसाळ्यात ते वाढतात.