सारवणापासून कोटिंगपर्यंत



इंग्लंडमध्ये १८२४ साली पोर्टलँड सिमेंटचे पेटंट निघाले. पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंट बनू लागले. त्याआधी आपल्याकडे शेणाने सारवलेली जमीन. भेगाळली की पुन्हा सारवायची. सिमेंटने सारवण सुटले, ओल नाही. काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून ती वर चढतेच. गोंदिया तर तलावांचा, भातशेतीचा जिल्हा.

तळघराला इपॉक्सी कोटिंग करायचे आहे. पण ओलीवर ते फुगून सुटते. म्हणून पाऊस सरताच प्लास्टिकचा तुकडा फरशीला चारी कडांनी चिकटवून दिवस-रात्र ठेवणार. खाली दव दिसले, तर आधी ओलीचा बंदोबस्त. भेगा रिकाम्या बघूनच बुजवायच्या. रंग फिकट, केरसुणीआधी मुंगी दिसावी म्हणून.

ओलीत जीवोत्पत्ती होते. चातुर्मासात कोरडी जमीन हीच घरातली जयणा.