घाटावरील गंधर्ववेड

गवयाचे चरित्र लिहावयास पुष्कळ लोक पुढे येतात. ऐकणाऱ्याचे चरित्र लिहावयास मात्र कोणी बसत नाही. ज्याने उसनवार करून नाटकाचे तिकीट काढले, रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी कचेरीत डुलक्या घेतल्या, आपल्या आवडत्या गायकाची निंदा केली म्हणून सख्ख्या मेहुण्याशी वर्षभर अबोला धरला, तो इसम इतिहासाच्या दरबारात बिनहुद्द्याचाच राहतो. आमच्या कन्नड गावात हल्ली एखादी शाळकरी मुलगी कानांत दोन बोंडे बसवून कोरिया देशातील तरुण गायकांची गाणी ऐकते. त्यांचे वाढदिवस, त्यांच्या वस्त्रांचे रंग, त्यांच्या आवडीचे पदार्थ तिला मुखोद्गत असतात. आणि घरची वडीलधारी माणसे कपाळाला हात लावून, ‘हे खूळ आले तरी कोठून?’ असे एकमेकांस विचारतात. आमच्या मते हे खूळ परदेशातून आलेले नाही. विचारणारांच्याच आजोबा-पणजोबांच्या ओसरीवर ते एकदा येऊन गेलेले आहे, व त्या वेळी त्याच्या दैवताचे नाव नारायण श्रीपाद राजहंस असे होते. त्या खुळाची हकीकत, तीही पुण्या-मुंबईच्या रसिकांपेक्षा घाटमाथ्यावरच्या आडगावातील रसिकांची अधिक, येथे सांगावी असा आमचा हेतू आहे.

राजहंसांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी काही काळ ते जळगावास म्हाळसांच्या घरी होते आणि तेथेच महेबूबखाँ यांच्याजवळ त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले. ही गोष्ट आम्हां कन्नडकरांस विशेष गोड वाटते. कारण आमचा घाट उतरला की चाळीसगाव लागते आणि चाळीसगावाहून आगगाडीने जळगाव काही फार लांब नाही. पोराचे गाणे ऐकून लोकमान्यांनी त्यास ‘बालगंधर्व’ म्हटले असे सर्वत्र सांगतात. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरले. १९१३ साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘मानापमाना’तील भामिनी, १९१६ च्या ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी, १९१९ च्या ‘एकच प्याल्या’तील सिंधू ह्या त्यांच्या भूमिका म्हणजे एका पिढीच्या डोळ्यांपुढील तीन देवताच होत्या. कुलीन स्त्रियांनी रंगभूमीवर पाऊल ठेवू नये असा तो काळ. म्हणून एका पुरुषाने नऊवारी नेसून नायिका व्हावे आणि खऱ्या स्त्रियांनी प्रेक्षागृहात बसून ती नायिका पाहावी, असा विलक्षण प्रकार घडत होता.

ह्या पाहण्याचे परिणाम नाट्यगृहाबाहेर फार दूरवर गेले. गंधर्व पदर कसा घेतात, अंबाड्यावर फुले कोठे माळतात, नथ किती झुकती घालतात, हे घरोघरच्या सुवासिनी लक्ष देऊन पाहात आणि पुढच्या हळदीकुंकवास तसेच करून जात. स्त्रीवेषातील त्यांच्या तसबिरी दिवाणखान्यात देवादिकांच्या शेजारी लागल्या. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. त्याचे कारण नाटककाराची लेखणी नव्हे, तर ‘वन्स मोअर’चा पुकारा. एकच पद पुनःपुन्हा मागून घेणे हा रसिक आपला हक्क समजे, आणि गंधर्वही तो निमूटपणे मान्य करीत. भास्करबुवा बखल्यांनी घालून दिलेल्या चालीत ते दर वेळी काही नवे काढीत; म्हणून तेच नाटक वीस वेळा पाहणारा मनुष्य वेडा नव्हता, त्यास वीस निरनिराळी गाणी ऐकावयास मिळत होती. पदांची छोटी पुस्तके विकत घेऊन ती पाठ करणे, जलशाहून परतताना पेठेच्या तोंडाशी उभे राहून कालच्या तानेवर वाद घालणे, नवे नाटक कोठे लागणार याची खबर काढणे, हा त्या रसिकाचा नित्यक्रम असे.

वादाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. भक्त म्हटला की प्रतिपक्ष आलाच. ललितकलादर्शचे केशवराव भोसले यांचा आवाज तिन्ही सप्तकांत तळपणारा. त्यांचे भक्त गंधर्वांच्या गाण्यास नाजूक म्हणून नाक मुरडीत, आणि गंधर्वांचे भक्त केशवरावांच्या तानेस आखाडा म्हणत. हे दोन तट इतके कडवे होते की, टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा गंधर्व भामिनी व केशवराव धैर्यधर अशी भूमिकांची वाटणी असूनही पुष्कळ जण नाटक पाहावयास न जाता कुस्तीचा निकाल ऐकावयास गेले असावेत. निकाल काही लागला नाही. दोघांनीही एकमेकांचा मान राखला, व त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वारले. उरलेल्या आयुष्यात त्यांचे भक्त ‘केशवराव असते तर’ एवढ्या एका वाक्यावर वाद चालवीत राहिले. आमच्या घरातील एक वृद्ध गृहस्थ ह्या वाक्यावर हटकून पान लावण्यास घेत, म्हणजे बोलावे लागू नये.

आता आमच्या गावाकडे वळू. कन्नड तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. गावास आगगाडी नाही. औट्रम साहेबाच्या नावाचा घाट बैलगाडीने उतरावा तेव्हा इंग्रजी मुलूख व स्टेशन लागे. घाटाच्या वर हाली शिक्क्याचा रुपया, घाटाखाली कलदार. सुमारे सात हाली द्यावे तेव्हा सहा कलदार मिळत. हद्दीवर करोडगिरीचे नाके. मुलाला पुढचे शिक्षण द्यावयाचे तर उर्दूतून. सभा भरवावयाची तर ‘गश्ती निशाण ५३’ आडवी येई. अशा ठिकाणी मोठ्या नाटक मंडळीने आपले गालिचे, पडदे, दागिने व बिऱ्हाडे घेऊन यावे तरी कशासाठी? पुण्याच्या रसिकास जे सहज मिळे त्यासाठी आमच्या माणसाला मुलूख ओलांडावा लागे, आणि बहुतेकांस तो जन्मात ओलांडता आला नाही. ह्या लोकांनी गंधर्वांस कधी पाहिले नाही. तरी ते गंधर्वभक्त होते, आणि कट्टर होते.

हे शक्य झाले ते फोनोमुळे. हिंदुस्थानात तबकडीवर गाणे घेण्यास १९०२ साली कलकत्त्यास आरंभ झाला आणि १९०८ पासून तबकड्या कलकत्त्यासच छापल्या जाऊ लागल्या. मग हळूहळू हे यंत्र तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. आमचे एक चुलत आजोबा दफ्तरात कारकून होते. त्यांनी चाळीसगावाहून एक चावीचा फोनो व चार तबकड्या आणल्या. पैसे कलदारात मोजले, नाक्यावर जकात भरली, आणि तबकड्या फुटू नयेत म्हणून घाटभर त्या मांडीवर घेऊन बसले, असे घरात सांगत असत. एकेका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे; प्रत्येक बाजूस नवी सुई. सुया महाग, म्हणून ते एकच सुई दगडावर घासून पुन्हा वापरीत, आणि तेणेकरून तबकडीवर चरे पडत. हा त्यांचा गुन्हा आजचे संग्राहक क्षमा करणार नाहीत. शुक्रवारी दिवेलागणीनंतर ओसरीवर शेजारची मंडळी जमत. पुरुष पुढे, बायका माजघराच्या दाराशी. शाळेत व कचेरीत दिवसभर परक्या भाषेत बोलणाऱ्या त्या माणसांना आठवड्यातून एकदा ते गाणे आपल्या भाषेत ऐकावयास मिळे. त्यास कोणी चळवळ म्हटले नाही, आणि आम्हीही म्हणत नाही; पण ‘नुसती करमणूक’ असे म्हणणेही आमच्या जिवावर येते.

रंगभूमीवर अर्धा-अर्धा तास रंगणारे पद तीन मिनिटांत बसवावयाचे म्हणजे पंचपक्वान्नांचे ताट द्रोणात वाढावयाचे. पुण्याचा रसिक तबकडीस तुच्छ लेखी, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. पण आमच्या आजोबांपाशी द्रोणापलीकडे काही नव्हते, म्हणून त्यांनी त्यातील शीतन्शीत चाखले. श्वास कोठे घेतला, अक्षर कोठे लांबवले, आलाप कोठे अर्धवट सोडला, सारे ते डोळे मिटून सांगत. एका जाड वहीत त्यांनी पदे कानाने ऐकून उतरली होती. तीत निम्मे शब्द चुकीचे होते. पुढे आजीने कोठून तरी पदांचे पुस्तक मिळविले आणि जांभळ्या शाईने ते शब्द दुरुस्त केले. आजोबांनी दुरुस्त्या मान्य केल्या नाहीत. त्यांच्या कानी जे पडले होते तेच गंधर्व गायले असा त्यांचा दावा होता.

पुण्या-मुंबईच्या वैभवशाली भक्तीची दुसरीही बाजू आहे, आणि ती लपवू नये. गंधर्व प्रेक्षकांस ‘मायबाप’ म्हणत. मायबापांनी लाड केले. लाडाबरोबर मागणीही केली. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग, आणि त्याच दिवशी गंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रेक्षकांचा हिरमोड नको म्हणून त्यांनी तशा स्थितीत भामिनी उभी केली. ही कथा आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलो. अलीकडे मात्र ती ऐकताना, त्या रात्री बिऱ्हाडी बसलेल्या लक्ष्मीबाईंचे काय झाले असेल हा विचार मनात येतो, आणि कथा सांगणाऱ्या एकाही भक्ताने तो प्रश्न विचारल्याचे आम्हांस आठवत नाही. मायबापांस उत्तमच दिले पाहिजे, म्हणून अत्तरे खरी, शालू खरे, १९२० च्या ‘द्रौपदी’साठी मयसभा डोळे दिपविणारी, आणि त्यापायी मंडळी कर्जात बुडाली. चाहत्यांनी वर्गणी जमवून ते फेडण्याची तयारी दाखविली. गंधर्वांनी ती नाकारली व वर्षानुवर्षे गाऊन कर्ज फेडले. ह्या बाण्याबद्दल आदर वाटतोच. पण ज्या थाटाने ते कर्ज झाले, तो थाट टाळ्या वाजवून मागणारे आपणच, हे त्या चाहत्यांच्या ध्यानात आले होते काय?

खरी कसोटी पुढे आली. बोलपट निघाले, नाटकगृहे ओस पडू लागली, गंधर्वांचे वय पन्नाशीकडे झुकले. १९३५ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘धर्मात्मा’ काढला, आणि त्यात बालगंधर्व संत एकनाथ झाले: आमच्याच जिल्ह्यातील पैठणचे एकनाथ! पगडीधारी, मिशीवाले गंधर्व पाहून जुने भक्त हिरमुसले. त्यांना सिंधू पाहिजे होती. प्रभातचा व त्यांचा संबंध त्या एका चित्रपटावरच संपला, आणि गंधर्व परत रंगभूमीवर, परत लुगड्यात आले. शरीर स्थूल झाले, केस पांढरे झाले, तरी भक्त त्यांच्याकडून रुक्मिणीच मागत राहिले. आमचे आजोबा घाट उतरून ‘धर्मात्मा’ पाहून आले. ते व त्यांच्याबरोबरची ओसरीवरची मंडळी मुळीच खट्टू झाली नाहीत. ज्यांनी सिंधू पाहिलीच नव्हती त्यांस तिचा वियोग कसला? त्यांच्या लेखी गंधर्व म्हणजे आवाज. तो नाथांच्या मुखातून आला तर उलट बरेच, नाथ तर घरचेच. रूपास ते मुकले होते हे खरे, पण म्हणूनच रूपाचा हट्ट त्यांनी गायकावर लादला नाही.

अशीच परीक्षा गोहरबाईंच्या बाबतीत झाली. गोहर कर्नाटकी ह्या बिजापूरकडच्या, प्रसिद्ध गायिका अमीरबाईंच्या भगिनी. गंधर्वांची गायकी त्यांनी ऐकून-ऐकून इतकी आत्मसात केली होती की, त्यांच्याएवढी निष्ठावंत गंधर्वभक्त दुसरी दाखविता येणार नाही. १९३८ च्या सुमारास त्या मंडळीत आल्या, स्त्रीभूमिका करू लागल्या, आणि १९५१ साली त्यांचा गंधर्वांशी विवाह झाला. जे सहस्र भक्त मनातल्या मनात करीत होते ते एका भक्ताने प्रत्यक्षात केले, हे बाकीच्यांस सहन झाले नाही. त्यांच्या जातीधर्मावरून, हेतूवरून जे बोलले गेले ते आज वाचवत नाही. गंधर्व पंगू झाले, पाय गेले, तेव्हा त्यांच्याजवळ कोण होते, याचा हिशेब त्या बोलणाऱ्यांनी केला नाही. आमची ओसरी याबाबत अगदीच निर्दोष होती असे म्हणवत नाही. आजोबांनी गोहरबाईंची एक तबकडी आणली, ती वाजविली, ‘गळा बरोबर आहे’ एवढे म्हटले. पण ती फोनोच्या पेटीत गंधर्वांच्या तबकड्यांजवळ न ठेवता निराळ्या फडताळात ठेवली.

१९६४ साली सरकारने बालगंधर्वांस पद्मभूषण दिले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास ते निवर्तले. पुढल्या वर्षी त्यांच्या जन्मदिनी, २६ जूनला, पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उघडले. आजोबा तोवर ऐकू कमी येऊ लागल्याने फोनोच्या कर्ण्याला कान लावून बसत.

तो फोनो आमच्याकडे अजून आहे. मध्यंतरी कोरियाच्या गायकांची ती घरातली भक्तीण मजजवळ येऊन बसली आणि आम्ही चावी फिरविली. चऱ्यांच्या खरखरीतून गाणे निघाले, तीन मिनिटांनी थांबले. ‘पुढचे कोठे आहे?’ असे तिने विचारले. तबकडी उलटून दाखविली, तेव्हा तिने वही मागितली आणि जांभळ्या शाईचे शब्द ताडून पाहू लागली. दोन ठिकाणी आजोबांचाच पाठ बरोबर आहे असे तिचे मत पडले. गोहरबाईंची तबकडी आता पेटीत इतरांजवळ आहे. ती तेथे कोणी ठेवली ते आम्ही विचारले नाही.