दक्षिण सातारा कुठे आहे?

गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन घरी आली. ओबीसीत येणाऱ्या मुस्लिम जमातीतली मुलगी, बारावीनंतरच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या १९५४ च्या शाळेच्या उताऱ्यावर जात नोंदलेली होती, गावही होते. तरी अर्ज परत आला होता. कारण उताऱ्यावर लिहिले होते, "ता. तासगाव, जि. दक्षिण सातारा." आणि आजचे त्यांचे गाव पलूस तालुक्यात, सांगली जिल्ह्यात.

"सर, साहेब विचारतात, दक्षिण सातारा कुठे आहे? आता काय सांगू?" वडिलांनी विचारले.

मी म्हणालो, "तुम्ही जिथे राहता, तिथेच."

१८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि पुढे सातारा हा मुंबई इलाख्यातला जिल्हा झाला. तासगाव, खानापूर, वाळवा आणि शिराळा हा भाग त्याच जिल्ह्यात होता. शेजारी सांगली, मिरज, जत ही संस्थाने होती. १९४८ मध्ये ती विलीन झाली. मग १ ऑगस्ट १९४९ रोजी साताऱ्याचा हा भाग आणि विलीन झालेला संस्थानी मुलूख एकत्र करून नवा जिल्हा केला, त्याचे नाव दक्षिण सातारा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्याचेच नाव सांगली झाले. पलूस आणि कडेगाव हे तालुके तर अगदी अलीकडचे. म्हणजे एका माणसाच्या हयातीत गावाचा जिल्हा दोनदा आणि तालुका एकदा बदलला. गाव मात्र जागचे हलले नाही.

इंग्लंडमध्येही असेच झाले आहे. तिथल्या काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, जुने भाग 'हंड्रेड' या नावाने ओळखले जात. शंभर कुटुंबांना पुरेल एवढ्या जमिनीचा भाग, असा त्याचा अर्थ सांगतात. एखादी टेकडी, झाड किंवा नदीचा उतार, जिथे लोक सभेला जमत, तिचेच नाव हंड्रेडला मिळे. एकोणिसाव्या शतकात त्यांची कामे नव्या संस्थांकडे गेली, पण नावे उरली. आजही तिथल्या खासदाराला थेट राजीनामा देता येत नाही. 'चिल्टर्न हंड्रेड्स'चा कारभारी असे एक नाममात्र पद तो मागून घेतो आणि त्यामुळे त्याची जागा रिकामी होते.

आपल्याकडे शंभराचा नाही, पण बत्तिसाचा हिशेब आहे. शिराळ्याला लोक बत्तीस शिराळा म्हणतात, बत्तीस गावांचे मुख्य ठिकाण म्हणून, असे सांगतात. नाव एका जागी आणि कचेरी दुसऱ्या जागी हेही आपल्याला नवे नाही. जावळी तालुक्याची कचेरी मेढ्याला, खटावची वडूजला, माणची दहिवडीला, खानापूरची विट्याला. वाळव्याची कचेरी इस्लामपुरात, आणि २०२५ मध्ये त्या शहराचेही नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो म्हणून शब्दांकडे लक्ष जाते. आदिलशाहीत या मुलखात परगणा, कर्यात, संमत, महाल, तालुका ही नावे चालत, आणि त्यांच्या बरोबरीने प्रांत आणि देश हीसुद्धा. परगण्याचा कारभार देशमुख-देशपांडे पाहत, गावाचा पाटील-कुलकर्णी. शिवकाळ, पेशवाई, इंग्रजी अंमल आला आणि गेला, पण यातले बरेच शब्द टिकले. परगणा आणि कुलकर्णी वतने कायद्याने रद्द झाली ती १९५० च्या कायद्याने. तालुका अजून आहे.

जिल्हा हा मूळ अरबी शब्द, अर्थ बरगडी, बाजू. मौजे म्हणजे जागा. तहसील आणि महसूल एकाच घरचे, 'हासिल'चे भाऊ. आणि तालुका आला 'तअल्लुक'मधून, म्हणजे संबंध, नाते. सातबारा काढायला जाणारा कुठल्याही धर्माचा शेतकरी हे शब्द रोज बोलतो. त्याला ते परके वाटत नाहीत, वाटायचे कारणही नाही. भाषेने ते कधीच घरात घेतले आहेत.

नावे बदलतात, पुढेही बदलतील. सरकारला तो अधिकार आहे. माझे म्हणणे एवढेच की नाव बदलताना जुन्या कागदाचा नव्या कागदाशी असलेला तअल्लुक तुटता कामा नये. तो तुटला तर त्याचा त्रास राजाला होत नाही, आजोबांचा उतारा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मुलीला होतो.

आम्ही सांगली जिल्ह्याच्या गॅझेटियरमधल्या त्या पानाची प्रत काढली, सोबत एक साधा अर्ज लिहिला आणि कागद पुन्हा दाखल केले. दोन फेऱ्या झाल्या, पण दाखला मिळाला.

तुमच्या घरातही ट्रंकेच्या तळाशी असा एखादा उतारा असेल. त्यावरचा तालुका, जिल्हा, संस्थान जसे लिहिले आहे तसे वहीत उतरवून ठेवा, आणि शेजारी आजचे नाव लिहा. दादा-दादी हयात असतील तर आजच विचारा. उद्या कुणी विचारले की हे कुठे आहे, तर सांगता आले पाहिजे.