यंत्राची साक्ष

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता, म्हणजे अँटेनाही नव्हता. सगळी भिस्त डोळ्यांवर. आम्ही तत्त्वज्ञानवाले ज्याला प्रत्यक्ष प्रमाण म्हणतो, ते हेच.

पण अंधाऱ्या रात्री गिरगाव चौपाटीवरून समोर बघा. समुद्र कुठे संपतो नि आकाश कुठे सुरू होतं, कळत नाही. वैमानिकाचंही तसंच होतं. म्हणून विमानात उपकरणं आली. बाहेर पत्र्यावर अँटेना. त्याचा तळ आणि पत्रा यांचा विद्युत जोड पक्का हवा, मध्ये रंगाचा थर राहिला तरी संदेश बिघडू शकतो. आत विमानाचा कल दाखवणाऱ्या तबकड्या: कॅप्टनपुढे एक, सहवैमानिकापुढे दुसरी, शिवाय राखीव तिसरी.

१ जानेवारी १९७८. एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. भारतीय चौकशीचा निष्कर्ष असा, की कॅप्टनपुढची तबकडी बिघडून विमान उजवीकडे कललेलं दाखवत राहिली. ते सावरायला कॅप्टननी विमान डावीकडे कलवत नेलं. बाकीच्या तबकड्या तिथेच होत्या, पण पडताळायला वेळ उरला नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, उपकरण बसवणाऱ्याचं काम स्क्रू आवळून संपत नाही. दोन साक्षी जुळत नसतील, तर ते वैमानिकाला तत्क्षणी कळलं पाहिजे.