रात्रीचे टपालवाले आणि त्यांचें घर

इतिहास लिहितांना लढाया, तह व राज्यकर्ते यांच्या हकीकती जितक्या तपशिलानें लिहिल्या जातात, तितक्या तपशिलानें निरोप नेणाऱ्या माणसांच्या हकीकती कोणी लिहीत नाहीं. पेशवाईंतील जासूद काय, किंवा रेल्वेच्या टपालडब्यांत रात्रभर पत्रें लावीत बसणारा सॉर्टर काय, त्यानें पोंचविलेलें पत्र दप्तरांत जपून राहतें. तो स्वतः कोठें निजत होता, महिन्यांतून किती दिवस घरीं असे, याची विचारपूस होत नाहीं. विमानानें माल व टपाल नेणाऱ्या वैमानिकाची गोष्ट याहून निराळी नाहीं. सायंकाळीं मागविलेली वस्तु दुसऱ्या दिवशीं दाराशीं येते, याचें आतां कोणास आश्चर्यहि वाटत नाहीं. पण मधली रात्र कोणीतरी जागून काढलेली असते. या धंद्यांत नव्यानें शिरलेल्या तरुणापुढें दोन प्रश्न उभे राहतात: चाकरी कोणत्या कंपनींत धरावी, आणि बिऱ्हाड कोठें ठेवावें. दिसावयास हे प्रश्न घरगुती आहेत. परंतु त्यांचीं मुळें शंभर वर्षें मागें जातात, आणि तीं बहुतेक अमेरिकेंत सांपडतात. म्हणून प्रस्तुत लेखहि मुख्यत्वें त्या देशाविषयींच आहे.

ता. १५ मे १९१८ रोजीं वॉशिंग्टन व न्यूयॉर्क या शहरांमध्यें विमानी टपाल सुरू झालें. राष्ट्राध्यक्ष विल्सन समारंभास हजर होते. प्रथम विमानाचें एंजिनच सुरू होईना. टांकींत पेट्रोल घालावयाचें राहिलें आहे असें मग ध्यानांत आलें. पुढें विमान उडालें तें उत्तरेकडे जाण्याऐवजीं दक्षिणेकडे गेलें, आणि मेरिलंडमधील एका शेतांत उतरलें. थैल्या मोटारीनें परत आणाव्या लागल्या. या फजितीवर लोक पोटभर हसले असतील. पण पुढील आठ वर्षें हसण्यासारखीं नव्हतीं. त्याच वर्षींच्या ऑगस्टपासून टपालखात्यानें स्वतःचे वैमानिक नेमले. खात्याचे सूत्रधार ऑटो प्रेगर यांचा आग्रह असा कीं, धुकें असो कीं वादळ असो, टपाल वेळेवर निघालेंच पाहिजे. जुलै १९१९ मध्यें दोन वैमानिकांनीं दाट धुक्यांत उडण्याचें नाकारलें, तेव्हां त्यांस बडतर्फ करण्यांत आलें. त्यावर बाकीच्यांनीं संप केला आणि थोडक्याच दिवसांत तडजोड झाली. आकाशांतील चाकरांनीं मालकाशीं केलेलें हें पहिल्याच भांडणांपैकीं एक होय; तें पगारासाठीं नव्हतें, हें विशेष.

फेब्रुवारी १९२१ मध्यें जॅक नाइट या वैमानिकानें नॉर्थ प्लॅटहून ओमाहा व तेथून शिकागो असा रात्रीचा पल्ला एकट्यानें काढला. ओमाहास दुसरा वैमानिक यावयाचा होता, तो आला नाहीं. पुढचा मार्ग नाइटनें पूर्वीं दिवसाउजेडींहि उडून पाहिलेला नव्हता. वाटेवरील शेतकऱ्यांनीं होळ्या पेटवून त्यास दिशा दाखविली. त्या खेपेस सॅनफ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला टपाल ३३ तास २० मिनिटांत गेलें. पुढें १९२४ सालीं मार्गावर फिरते दिवे लागले व रात्रीचें उड्डाण नित्याचें झालें. टपालखात्याच्या त्या आठ-नऊ वर्षांत तीसांहून अधिक वैमानिक प्राणांस मुकले. रात्रीच्या मैलाचा भत्ता दिवसाच्या दुप्पट असे. आमच्या विषयाच्या दृष्टीनें येथें एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी आहे. हे वैमानिक ठराविक टप्प्यावर उडत. कोणी ओमाहा-शिकागो, तर कोणी शिकागो-क्लीव्हलंड. त्यामुळें टप्प्याच्या एका टोंकास त्यांचें बिऱ्हाड असे. जीव केव्हां जाईल याचा नेम नव्हता, पण घर कोठें आहे याचा होता.

१९२५ च्या कायद्यानें टपालाचे ठेके खासगी कंपन्यांकडे गेले. पुढें अटलांटिक ओलांडून जगप्रसिद्ध झालेला लिंडबर्ग १९२६ सालीं सेंट लुई-शिकागो मार्गावर टपालच नेत असे, व त्या एका शरदृतूंत त्यानें दोन वेळां विमान सोडून छत्रीनें उडी घेतली. कंपन्या आल्या तशी वशिलेबाजीहि आली. कोणास चांगला मार्ग मिळावा व कोणास काढून टाकावें, हें व्यवस्थापकाच्या मर्जीवर राहूं लागलें. तेव्हां डेव्हिड बेंकी या वैमानिकाच्या पुढाकारानें १९३१ सालीं शिकागो येथें वैमानिकांचा संघ स्थापन झाला. १९३४ मध्यें सरकारी मजूर मंडळानें उड्डाणाचे तास महिन्यास ८५ पेक्षां अधिक असूं नयेत असा निवाडा दिला, आणि १९३६ सालीं रेल्वे कामगारांचा कायदा विमानकंपन्यांसहि लागू झाला.

रेल्वेच्या संघांकडूनच सेवाज्येष्ठतेची कल्पना विमानांत आली. कल्पना सरळ आहे. ज्या दिवशीं नोकरींत पाऊल ठेवलें त्या दिवसावरून प्रत्येकास एक क्रमांक मिळतो. कोणतें विमान, कोणता तळ, महिन्याचें कोणतें वेळापत्रक, रजा नाताळांत कीं पावसाळ्यांत, कप्तानपद कधीं, हें सर्व त्या क्रमांकावरून ठरतें. वरचे माघारे निघाले कीं खालचे एकेक पायरी चढतात. कोणाच्या घरीं आंब्याची करंडी पाठवून येथें कांहीं साधत नाहीं, आणि ज्यांनीं आपल्याकडील कचेऱ्या पाहिल्या आहेत त्यांस ही व्यवस्था रामराज्यासारखी वाटेल. परंतु तिच्यांत एक गांठ आहे. क्रमांक कंपनीचा असतो, माणसाचा नव्हे. वीस वर्षें उडालेला कप्तान दुसऱ्या कंपनींत गेला कीं तो सर्वांत खालीं, कालच्या पोराच्याहि मागें उभा राहतो. म्हणून पंचविशींतल्या तरुणानें पहिली मोठी कंपनी निवडणें म्हणजे बहुधा जन्माची गांठ बांधणेंच असतें. आणि पत्रिका न पाहतां बांधलेली.

मालाच्या विमानांनीं तळाचा प्रश्न आणखी बिकट केला. त्याचें कारण समजण्यास आपल्या नागपूरकडे पाहिलें तरी पुरे. जानेवारी १९४९ मध्यें आपल्याकडे रात्रीची विमानी टपालव्यवस्था सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्रीं एकेक डाकोटा विमान निघे. चारहि विमानें मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगांवच्या विमानतळावर जमत, थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई, आणि उजाडेपर्यंत तीं आपापल्या शहराकडे परतत. ४ शहरें एकमेकांस थेट जोडावयाचीं तर ६ मार्ग लागतात. मध्यें नागपूर घेतलें कीं ४ मध्यें भागतें. ही बचत क्षुल्लक वाटेल. पण २५ शहरें घेतलीं तर थेट मार्ग ३०० होतात, व मध्यवर्ती ठाण्यानें ते २५ वर येतात. हेंच गणित फ्रेडरिक स्मिथ यांच्या फेडरल एक्स्प्रेस कंपनीनें मेंफिस शहरीं मांडलें. ता. १७ एप्रिल १९७३ च्या रात्रीं १४ लहान फाल्कन विमानांनीं २५ शहरांसाठीं अवघीं १८६ पुडकीं वाहिलीं. पुढें यूपीएस कंपनीनें लुइव्हिलला तसेंच ठाणें केलें व १९८८ पासून स्वतःचे वैमानिक ठेवले. नागपूरचें उदाहरण २४ वर्षें आधींचें आहे, ही गोष्ट नागपूरकरांनींहि फारशी सांगितलेली आम्हीं ऐकली नाहीं.

या ठाण्यापर्यंत पोंचण्याची तरुणाची वाट लांब असे. प्रथम शिकाऊंस शिकवून तास जमवावयाचे. मग लहान दोन एंजिनांच्या विमानांतून, सोबतीस दुसरा वैमानिक नसतां, रात्रीं बँकांचे चेक वाहावयाचे. साध्या वैमानिकास यंत्रांच्या आधारानें ढगांतून भाड्याचा माल नेण्यास १२०० तासांचा अनुभव कायद्यानें लागतो. चेक जितका लवकर पोंचेल तितकें व्याज वांचे, म्हणून बँका या घाईस पैसे मोजीत. बर्फ, गारठा व जुनीं विमानें यांवर एक पिढी घडली. सप्टेंबर २००१ मध्यें विमानें जमिनीवर खिळलीं व कोट्यवधि डॉलरांचे चेक अडकून पडले. २००३ सालीं कायदा होऊन ऑक्टोबर २००४ पासून मूळ चेकाऐवजीं त्याची प्रतिमा ग्राह्य ठरली. हा धंदा थोड्याच वर्षांत ओसरला, आणि उमेदवारीची एक पायरी त्याबरोबर गेली.

आतां घराकडे वळूं. बायकोची नोकरी एका गांवीं, मुलांची शाळा व म्हातारे आईबाप तेथेंच, आणि तळ हजार मैलांवर मेंफिसला. शिवाय विमानाचा प्रकार बदलला कीं तळहि बदलण्याचा संभव. अशा स्थितींत बिऱ्हाड हलविण्यापेक्षां वैमानिक स्वतःच हलतो. दुसऱ्याच्या विमानांतील जादा आसनावर फुकट बसून तो तळावर येतो, व तेथून त्याची खरी पाळी सुरू होते. या प्रवासाचा पगार नाहीं, आणि कागदोपत्रीं तो विश्रांतींत मोडतो. कनिष्ठास बहुधा राखीव ठेवतात. बोलावणें आलें कीं ठराविक वेळांत हजर व्हावें लागत असल्यानें त्यास घरीं राहतां येत नाहीं. मग आठ-दहाजणांनीं मिळून विमानतळाजवळ एक जागा घ्यावयाची, खाटेवर खाट रचावयाची, आणि जो उडत असेल त्याची खाट दुसऱ्यानें वापरावयाची. मुंबईंत धोबीतलावाच्या आसपासचे गोवेकर खलाशांचे कूड किंवा गिरणगांवांतील कोंकणी गांवकऱ्यांच्या खोल्या ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांस याचें वर्णन करून सांगावयास नको. फरक इतकाच कीं, कुडांत निदान एका गांवचीं माणसें असत व सणाला प्रार्थना होई.

यांत धोका काय, हें ता. १२ फेब्रुवारी २००९ रोजीं दिसलें. बफलोजवळ एक लहान प्रवासी विमान कोसळून ५० माणसें मेलीं. चोवीस वर्षांची सहवैमानिक आदल्या रात्रीं सिॲटलहून मेंफिसमार्गें, मालाच्या विमानांत बसून, नेवार्कच्या तळावर आली होती. कप्तानाचें घर फ्लोरिडांत. त्यानें आदली रात्र तळावरच्या वैमानिकांच्या खोलींत काढली होती. चौकशी मंडळानें मुख्य दोष कप्तानाच्या चुकीच्या हाताळणीवर ठेवला. थकव्याचा वांटा किती, यावर मंडळांतच एकमत झालें नाहीं. पुढें नेमलेल्या विद्वानांच्या समितीनें २०११ सालीं येजा करण्यावर नियम घालण्याइतका पुरावा नाहीं असें म्हटलें. आमच्या मतें समितीनें प्रामाणिकपणा दाखविला; पण ज्या प्रवासाची नोंदच होत नाहीं त्याचा पुरावा जमावा कसा?

विश्रांतीचे नवे नियम मात्र झाले व ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले. ते प्रवासी विमानांपुरते. मालाच्या कंपन्यांस त्यांतून वगळलें, कारण होणारा खर्च लाभाहून अधिक भरतो असा हिशेब सरकारनें केला. मालाच्या विमानांत मरणारे दोघेच असतात, हें त्या हिशेबाचें मर्म. ता. १४ ऑगस्ट २०१३ रोजीं पहांटेपूर्वीं लुइव्हिलहून आलेलें यूपीएसचें एअरबस विमान बर्मिंगहॅमच्या धांवपट्टीअलीकडे टेकडीवर आदळलें व दोघेहि वैमानिक ठार झाले. चौकशींत उतरण्याच्या पद्धतींतील चुकांबरोबर थकवाहि नमूद झाला. निघण्यापूर्वीं ते दोघे आपल्या व प्रवासी वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांतील तफावतीविषयींच बोलत होते. यंत्रावर तें संभाषण उमटलेलें आहे. नियम आजहि तसाच आहे.

कांहीं माल-कंपन्यांनीं निराळी तोड काढली आहे. वैमानिकास घराजवळच्या विमानतळावरून कंपनीच्या तिकिटानें विमानापर्यंत न्यावयाचें, महिन्यांतील पंधरा-सतरा दिवस सलग राबवावयाचें, आणि मग घरीं सोडावयाचें. घर हवें असलेला तरुण कमी पगार पत्करूनहि येथें जातो. क्रमांकाची शिडी पाहणारा मेंफिस वा लुइव्हिल धरतो. पण शिडीचाहि भरंवसा नाहीं. महामारीच्या दोन-तीन वर्षांत माल वाढला तशी भरती झाली, आणि २०२३ च्या अखेरीस फेडेक्सनें आपल्याच वैमानिकांस एका लहान प्रवासी कंपनीची वाट सुचविली. सरकारी टपाल वाहण्याचा २००१ पासूनचा तिचा मोठा ठेका सप्टेंबर २०२४ अखेर संपला व यूपीएसकडे गेला. १९१८ मध्यें मेरिलंडच्या शेतांत उतरलेल्या थैल्यांचें हें आजचें बिऱ्हाड. थैल्या एका रात्रींत मेंफिसहून लुइव्हिलला गेल्या. त्या वाहणारे वैमानिक आपापल्या क्रमांकासह होते तेथेंच राहिले.